तिसरा घाणा

हुतात्मा एक्स्प्रेस रात्री दहाच्या सुमाराला सोलापुरात पोचते. फलाटावर दाजी उभे असतात. वय सत्तरीच्या घरात, पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, कॉलर मळू नये म्हणून मानेमागं घडी घातलेला रुमाल. मी पायाला हात लावायला वाकतो तेवढ्यात वरून प्रश्न येतो.

“जेवलास?”

“हो दाजी, गाडीत खाल्लं.”

“गाडीत? मग नाही जेवलास.”

एवढं बोलून ते माझी बॅग स्कूटरच्या पुढ्यात उभी करतात आणि स्कूटर घराच्या बरोबर उलट दिशेला वळवतात. गेली वीस वर्षं हे असंच चाललंय. घरी ताई भाकरीचं पीठ मळायला घेत नाही. तिच्या वेळापत्रकात हुतात्मा एक्स्प्रेस पावणेबाराला येते.

ताईला सोलापुरात दिली तेव्हा मी शाळेत होतो. पुढं अकरावीला मी तिच्याकडंच राहिलो आणि दाजींच्या मागं बसून गावभर खात फिरलो. मी त्यांना हाक मारायचो ‘दाजी’. ती गाडेवाल्यांनी ऐकली आणि उचलली. भजीवाला दाजी म्हणायला लागला, पानवाला दाजी म्हणायला लागला, रसवंतीवाल्याची म्हातारी आईसुद्धा दाजी म्हणून पदर सावरायला लागली. वास्तविक दाजी जन्माचे सोलापूरकर. पण माझ्या एका हाकेनं त्यांचं स्वतःचं गावच त्यांची सासुरवाडी झालं. जावयाचा मान ते तेव्हापासून रोज वसूल करतात. भज्यांच्या प्लेटमध्ये त्यांना चार भजी जास्त पडतात, वर मूठभर चुरा. त्याचे पैसे कुणी घेत नाही आणि दाजीही विचारत नाहीत. जावयानं हिशेब विचारू नये, एवढं त्यांना कळतं. तसे ते आयुष्यभर चादरींच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते.

दाजींचा एक सिद्धांत आहे. सोलापूरचं खाणं तीन पाळ्यांत चालतं. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी. इथली पहिली कापडगिरणी 1877 सालची. तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठलं, भोंग्यावर जेवलं आणि भोंग्यावर झोपलं. दाजींचे वडील गिरणीत होते. पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली, भोंगे गेले. “पण पोटातला भोंगा कोण बंद करणार?” असं दाजी विचारतात आणि उत्तराची वाट न बघता गाडी सुरू करतात.

पहिली पाळी इडलीची. ती पूर्व भागात. पहाटे साडेसहाला दाजी मला उठवायचे. थंडीत स्कूटरवर नाकातून पाणी गळायचं. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट सुरू व्हायचा आणि त्या खडखडाटात कुठंतरी इडलीच्या वाफेचा एक पांढरा ढग उभा असायचा. या भागातले विणकर मूळचे तेलंगणातले. मागाबरोबर त्यांनी भाषा आणली आणि भाषेबरोबर इडली आणली, असं दाजींचं म्हणणं. त्या गाड्यावर मी पहिल्याच दिवशी उपाशी राहिलो. दोन इडल्या झाल्यावर गाडेवाल्यानं विचारलं, “चालु?” मला वाटलं, पुढं चालू ठेवू का असं विचारतोय. मी जोरात मान हलवली, “चालू, चालू!” त्यानं डाव खाली ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी रिकामी प्लेट घेऊन उभा. दाजींनी हसून हसून स्कूटरचा आधार घेतला. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे.

दाजी स्वतः कुठल्याच भाषेत अडत नाहीत. इडली तेलुगूत मागतात. म्हशीच्या दुधाचा चहा सांगताना कानडीत ‘इन्नोंदु’ म्हणून अजून एक मागवतात. विजापूर वेशीत त्यांचं हिंदी सुरू होतं आणि सुट्ट्या पैशांचा वाद मात्र ते मराठीतच घालतात. मराठीसुद्धा सोलापूरची, म्हणजे क्रियापदाला एक जादा ‘ला’ लावलेली. जशी वड्याला जादा चटणी. “उगं काय बघलालास बे? खा की! गार होलालंय.”

दुसरी पाळी भज्यांची. दुपारी चारनंतर. इथं दाजींचं शास्त्र सुरू होतं. कढईपाशी जाऊन ते लगेच मागत नाहीत. हात मागं बांधून उभे राहतात, डॉक्टर पेशंटच्या खाटेपाशी उभे राहतात तसे. पहिला घाणा निघतो, ते हलत नाहीत. दुसरा घाणा निघतो, गिऱ्हाइकं तुटून पडतात, ते हलत नाहीत. मी कासावीस.

“दाजी, घ्या की.”

“थांब. पहिला घाणा तेलाचा. दुसरा घाणा गिऱ्हाइकाचा. तिसरा घाणा आपला.”

तिसऱ्या घाण्याला तेल बरोबर तापलेलं असतं, भजीवाल्याची घाई गेलेली असते आणि हात बसलेला असतो, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं मला अजून कळलेलं नाही. पण अर्धा तास वास घेत उभं राहिल्यावर तिसऱ्या घाण्याचं भजं कसं लागतं, हे ज्याचं त्यानं करून बघावं.

दाजींचे नियम बरेच आहेत. गाड्याला बोर्ड नसावा. बोर्ड बाहेरच्यांसाठी असतो. गावातल्याला नाकानं वाचता येतं. गाडेवाला बोलका नसावा. फार बोलतो त्याची उसळ कच्ची. खुर्ची असेल तिथं बसू नये, कारण बसल्यावर माणूस चवीपेक्षा पंख्याचा विचार करतो. आणि जिथं एकापेक्षा जास्त जिन्नस मिळतात तिथं कुठलाच धड मिळत नाही. शेवटच्या नियमामुळं पुण्यात आमची एकदा पंचाईत झाली. मी त्यांना एका चांगल्या हॉटेलात नेलं. वेटरनं चोवीस पानी मेनूकार्ड ठेवलं. दाजींनी चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, जमाखर्चाची वही तपासावी तसं. मग मिटून ठेवलं आणि वेटरला अगदी मायेनं विचारलं, “एवढ्यातलं तुमच्या आचाऱ्याला काय येतं?”

त्यात मेनूकार्डावर ‘सोलापुरी शेंगाचटणी’ होती. ती आली. चमचाभर, चिनी मातीच्या इवल्याशा वाटीत, कोरडी भुरभुरीत. दाजींनी ती बोटावर घेतली, चोळली, बोट उजेडात धरलं. बोट कोरडं. “तेल कुठंय?” ते हळूच म्हणाले. एखाद्याच्या घरी गेल्यावर म्हातारी माणसं कुठं आहेत असं विचारावं तसं. शेंगाचटणी उखळात कुटायची असते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. कुटत राहायचं, दाण्यानं आपलं तेल आपण सोडेपर्यंत. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, चटणी होत नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, ताईच्या हातची चटणी टेबलावर उघडली आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबालाही वाढली. वेटरनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं चाखली. निघताना दाजी त्याला उखळ कुठं मिळेल ते सांगत होते.

पुडी ही दाजींची कायमची सोबत. एका खिशात चटणी आणि स्कूटरच्या डिकीत कडक भाकरी, पापडासारखी पातळ. “दोन आठवडे टिकते, काही होत नाही.” मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची आहे हेही ते सांगतात आणि लगेच तक्रारीवर येतात. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेलला मिळालं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालं, डाळिंबाला मिळालं. मग भज्यांनी काय घोडं मारलंय? या विषयावर त्यांनी एक अर्ज लिहून ठेवलाय. कुणाकडं पाठवायचा हे ठरत नसल्यामुळं तो अजून डिकीत आहे. त्यावर भाकरीचे डाग पडलेत.

दाजींनी सांगितलेला गाडा शोधणं ही एक वेगळीच परीक्षा. “सोपं आहे. टॉकीजपासून सरळ ये.” कुठलं टॉकीज? “ते पाडलं बे आता. पण तिथूनच सरळ. मग जिकडून मिलचा भोंगा ऐकू यायचा तिकडं वळ. चिंचेचं झाड होतं, तिथं विचार.” मी न बघितलेल्या टॉकीजपासून निघून, न ऐकलेल्या भोंग्याच्या दिशेनं वळून, नसलेल्या झाडापाशी उभा राहतो आणि काय सांगायचं, समोर गाडा असतो. मोबाइलच्या नकाशात तो कधीच सापडत नाही.

पार्क चौपाटीवर मात्र कुणीही पोचतं. समुद्र इथून मुंबईला, साडेचारशे किलोमीटरवर. पण भेळ-पाणीपुरी आहे म्हणजे ती चौपाटी, याबद्दल सोलापुरात कुणाला शंका नाही. नातवंडं आली की दाजींना तिथं जावं लागतं. एकदा नातीनं पिझ्झा मागितला. दाजी उसळले. “1930 साली या गावानं इंग्रजांची सत्ता झुगारून दिली होती. मार्शल लॉ लावावा लागला त्यांना! त्या गावात पिझ्झा मागतीस? मार्शल लॉमध्ये पण इथं इडली चालू होती!”

“तुम्ही होता?” नातीनं विचारलं.

“माझे वडील होते.”

“आजोबांचे वडील 1934 चे,” ताई पाणीपुरी तोंडात घालायच्या आधी म्हणाली. “फोटोखाली लिहिलंय.” दाजींनी मुकाट्यानं पिझ्झा आणला. स्वतः चाखलाही. डॉक्टरांनी त्यांना साखर निघाल्यापासून बरंच बंद केलंय, पण चाखलेलं शुगरमध्ये धरत नाहीत असा त्यांचा समज आहे. “बरा आहे,” ते म्हणाले. “पण ह्याचा तिसरा घाणा असता तर बघितलं असतं.”

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की दाजी घरात थांबत नाहीत. ही यात्रा सिद्धरामेश्वरांची. त्यांनी सोलापुरात 68 लिंगं स्थापली. संक्रांतीच्या सुमाराला सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, अक्षता पडतात. दाजी नंदीध्वजांच्या काठ्यांबरोबर अनवाणी चालतात, डोळे भरून येतात, अक्षता टाकतात. आणि त्यानंतर होम मैदानावर त्यांची दुसरी प्रदक्षिणा सुरू होते. एका वर्षी मी गुपचूप मोजलं. भजी, चिरमुरे, भेळ, रस, पुन्हा भजी धरून 23 ठिकाणी थांबलो. माझे पाय गेले होते, पोट त्याच्या आधीच गेलं होतं. मी म्हटलं, “दाजी, 23 झाले.”

“होय?” त्यांनी बोटांवर हिशेब केला. “अजून पंचेचाळीस राहिले की.”

आता रातपाळी. ती विजापूर वेशीतली. हुतात्मा एक्स्प्रेसमधून उतरवून दाजी मला थेट तिथंच नेतात. निखाऱ्यांवर शिगा, पंख्यानं वारा घालणारा पोरगा, धुरात पिवळे झालेले दिवे, कांदा, लिंबू. सोलापुरातली सगळ्यात चांगली शीक कुठं मिळते हे दाजींइतकं खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. कुणाचं मटण कोवळं, कुणाचा मसाला पुढं येतो, कोण कोळसा बदलत नाही, सगळं त्यांना ठाऊक.

दाजींनी जन्मात मटण खाल्लेलं नाही.

त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. गळ्यात माळ, सोमवारचा उपास. पण त्यांचे जिवाभावाचे मित्र आहेत वेल्डिंगवाले चाचा. मागांची कामं करता करता दोघांची चाळीस वर्षं गेली. चाचा खायचे आणि दाजी समोर सोडा घेऊन बसायचे. “चव काय जिभेलाच कळते व्हय? समोरच्याच्या तोंडावर दिसती की.” ते शीक खाणाऱ्याच्या कानामागं बघतात म्हणे. मसाला बरोबर असला की तिथं घाम येतो. मी पहिली शीक खाल्ली तेव्हाही ते असेच टक लावून बसले होते. माझा पहिला घास, त्यांचा आवंढा. मग समाधानानं म्हणाले, “आज कोळसा चांगलाय.” आणि लगेच, “ताईला सांगायचं, गाडी लेट होती.”

ताईला सगळं ठाऊक आहे. मी घरात शिरलो की ती माझ्या शर्टाचा वास घेते आणि म्हणते, “आज बराच वेळ लेट झाली का रे गाडी?” मग दोघांनाही गरम भाकरी वाढते. दाजी ती खातात. इतकं हिंडून आल्यावर कशी खातात असं विचारलं तर म्हणतात, “ते खाणं. हे जेवण.”

चाचांच्या घरी लग्न असलं की दालचा-खाना असतो. डाळ, दुधी, मटण आणि भाताचे डोंगर. पंगतीत दाजींचं पान पहिलं. पण त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक लहान पातेलं वेगळं ठेवलेलं असतं, नुसत्या दुधीचं. त्याचा चमचा वेगळा, झाकण वेगळं, आणि ते पातेलं दुसऱ्या कुणी उघडायचं नाही असा घरातल्या पोरांना दम. गेल्या वर्षी चाचा गेले. नंतर त्यांच्या नातीचं लग्न झालं. पंगतीत बसताना दाजी जरा बिचकलेच होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्यापुढं ते लहान पातेलं आणून ठेवलं. दाजींनी त्या दिवशी चव कशी होती ते सांगितलं नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी खाऊन वर्णन न केलेली.

त्यानंतर काही महिने ते रातपाळीला गेले नाहीत. मी आलो की स्टेशनावरून सरळ घरी. ताई वैतागली. “एवढ्या लवकर आलात? पीठ मळलेलं नाही अजून.”

या दिवाळीत एक नवीनच संकट आलं. पूर्व भागातल्या त्या इडलीवाल्याच्या मुलानं दुकान काढलं. पक्कं दुकान, फरशी, खुर्च्या, फोनवर पैसे घ्यायचा काळा-पांढरा चौकोन आणि भला मोठा बोर्ड. उद्घाटनाला त्यानं दाजींना बोलावलं. दाजींना दोन दिवस झोप लागली नाही. “बोर्ड लावला रे त्यानं,” ते मला फोनवर म्हणाले, कुणीतरी अत्यवस्थ आहे असं सांगावं तसं. “संपलं आता.”

मी मुद्दाम आलो. पहाटे साडेसहाला गेलो. इडलीवाला आता म्हातारा झालेला, एका खुर्चीवर बसलेला. त्यानं उठून दाजींना टॉवेल-टोपी-नारळ दिला, घरच्या जावयाला देतात तसा. टॉवेल सोलापुरीच होता. दाजींनी नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत बसायचा आग्रह झाला. दाजी बसले नाहीत. प्लेट घेऊन बाहेर रस्त्यावर आले, गटाराच्या कडेला दोन पाय फाकवून उभे राहिले, नव्या टॉवेलानं मान झाकली आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. मी त्यांच्या कानामागं बघत होतो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान वर करून त्यांनी बोर्ड वाचायला घेतला. वरची ओळ तेलुगू, मधली मराठी, खालची इंग्रजी. हिशेबनिसाची नजर. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

“बघ,” ते माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाले. “वर ‘ईडली’ लिहिलंय आणि खाली ‘इडीली’. एकाच बोर्डावर दोनदा चुकलाय!”

“मग?”

“मग काय मग? बोर्ड लिहिताना पोराचं लक्ष पातेल्याकडं होतं. चव राहील.”

त्यांनी खिशातून पुडी काढली, ताईची चटणी इडलीवर पसरली आणि गाडेवाल्याच्या, म्हणजे आता दुकानदाराच्या, मुलाला हाक मारून दोन बोटं दाखवली. तो वाढायला आला. दाजी माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाले, “उद्यापासून सव्वासहालाच यायचं बघ. बोर्ड वाचून आता बाहेरचे येतेत.”

मुलानं डाव उचलून मला विचारलं, “चालु?”

मी म्हटलं, “नाही.”